राखून ठेवलेलं कार्ड

आमच्या सोलापुरातून लोक तिरुपतीला जातात, गोव्याला जातात, लेकीच्या बाळंतपणाला थेट बंगळूर गाठतात. भोर-वेल्ह्याला मुद्दाम कुणी जात नाही. मी निघाले तेव्हा शेजारच्या बाईंनी विचारलं, तिकडे आहे काय? मी म्हटलं, तांदूळ. ते खोटं नव्हतं. माझी कॉलेजातली मैत्रीण नलिनी बँकेतून निवृत्त होऊन भोरला राहते. दर वर्षी पौषात ती वेल्ह्याकडच्या एका बाईंकडून नवा इंद्रायणी घेते आणि त्यातला थोडा मला पाठवते. यंदा तिने धमकी दिली की तांदूळ हवा असेल तर स्वतः ये, मी तुझी हमाल नाही.

तांदूळ मी आणला, आणि तो फार सुरेख शिजतो. पण त्याच्याबरोबर जे ऐकून आणि बघून आले ते अजून घशाखाली उतरलेलं नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

आधी माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. मी अर्थशास्त्राची मास्तरीण. निवृत्त झाले तरी बोलायची खोड गेली नाही. ज्येष्ठ नागरिक संघ, महिला मंडळ, जिथे बोलावतील तिथे माझं एक ठरलेलं भाषण असतं. आजारपणाचा खर्च सगळ्या देशाने मिळून एकाच तिजोरीतून करावा, हा त्याचा विषय. ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे तिजोरीत भरावं, आजारी पडेल त्याने उपचार घ्यावेत, आणि दवाखान्याचं बिल त्या एकाच तिजोरीने भागवावं, मग रुग्ण कलेक्टर असो की झाडूवाला. हे एकदम होणार नाही, एवढं मलाही कळतं. म्हणून पायरी-पायरीने जायचं, असं माझं म्हणणं. आधी अगदी गरिबांचे उपचार मोफत करा, मग मधल्यांचे, मग सगळ्यांचे. सरकारी योजनेचं कार्ड तसंच वाढत वाढत जवळजवळ सगळ्यांपर्यंत पोचलं, तेव्हा मी जरा तोऱ्यातच होते.

एकच गोष्ट मला खटकायची. सत्तरीपुढच्यांसाठी अलीकडे घरच्या रकमेहून वेगळी रक्कम ठेवली गेली. तिजोरी एक करायची सोडून हे नवे कप्पे कशाला? एका घरात दोन चुली कशाला मांडता, असं मी भाषणात विचारायची आणि म्हातारे लोकच त्यावर टाळ्या वाजवायचे.

सारोळे

फलटण-लोणंद करत आलेल्या एसटीने मला शिरवळला सोडलं. नलिनीने सांगितलं होतं सारोळे. दोन्ही नावं मी एकाच दमात ऐकली होती, त्यामुळे दोन्ही एकच, असं धरून मी सामान घेऊन उतरले. मध्ये नीरा नदी आहे, अलीकडे सातारा जिल्हा आणि पलीकडे पुणे, हे मला तिथे उभी राहून फोनवर भांडताना कळलं. ती म्हणे मी पुलाशी उभी आहे, मी म्हणे मीही पुलाशीच उभी आहे. शेवटी एका टेम्पोवाल्याने मला कांद्याच्या पोत्यांशेजारी जागा करून दिली आणि पूल पार करून दिला. उतरताना मी पर्स उघडली तर तो म्हणाला, पूल काय माझ्या बापाचा हाय व्हय, आणि निघून गेला.

नलिनी तोवर मला शोधत पुलाच्या शिरवळकडच्या टोकाला गेली होती. मी एका चहाच्या टपरीवर बसले. टपरीमागे योजनेचा मोठा फलक होता. एका कुटुंबाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मोफत, असं त्यावर ठळक लिहिलं होतं. माझं भाषण कुणी रस्त्यावर टांगून ठेवल्याचा मला आनंद झाला आणि मी टपरीवाल्या काकांना लगेच छेडलं. त्यांनी देवाच्या तसबिरीमागून प्लास्टिकमध्ये बसवलेलं कार्ड काढून दाखवलं. त्यांचं निघालं होतं, मुलाचं निघालं होतं, अख्ख्या गावाचं निघालं होतं. वापरायची वेळ आली का, असं मी विचारलं.

"न्हाई बा. जपून ठिवलंय," ते म्हणाले आणि कार्ड पुन्हा देवामागे सरकवलं.

मला ते ऐकून बरंच वाटलं. घरात कुणी आजारी पडलं नाही, असा मी त्याचा अर्थ घेतला.

भोर

नलिनीचं घर गावातल्या एका नव्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आहे. खिडकीतून डोंगरांच्या रांगा दिसतात. सोलापूरकराची नजर सपाटीला सरावलेली. उठल्या उठल्या समोर एवढा डोंगर बघून मला सकाळी जरा कोंडल्यासारखंच झालं. हे मी बोलून दाखवल्यावर नलिनीला राग आला. तिने त्या रागातच मला उत्रोलीपर्यंत चालायला नेलं. भाताची कापणी होऊन गेलेली होती, खाचरांत नुसते सड उभे होते आणि काही ठिकाणी त्यातच हरभरा वर आला होता. आमच्याकडे जमीन एका पिकानंतर दमून पडते. इथे ती दम खात नाही, हे बघून हेवा वाटला.

जेवताना आमचं नेहमीचं भांडण झालं. नलिनीचा कुठल्याच योजनेवर विश्वास नाही. बँकेत असताना तिने योजनांची पुष्कळ खाती उघडली. लोक पासबुक घेऊन जायचे, ट्रंकेत ठेवायचे आणि पुन्हा फिरकायचे नाहीत. कार्डाचंही तसंच होणार, असं तिचं म्हणणं. मी तिला आकडे न देता समजावत होते आणि ती मला भात वाढत होती. माणसाच्या हातात हक्क दिला की तो वापरतोच, असं मी ठासून म्हटलं. ती म्हणाली, विजू, तू भात खा.

भाटघर

दुसऱ्या दिवशी नलिनी मला धरण दाखवायला घेऊन गेली. भाटघरचं धरण जुनं, दगडी आणि देखणं आहे. पाणी इतकं की नजर पोचत नाही. आमच्या घरी नळाला पाणी कधी येणार, यावर पाहुण्यांना बोलावण्याचा दिवस ठरतो, त्यामुळे मी तिथे बराच वेळ काही न बोलता उभी राहिले. नलिनीने ते नंतर सगळ्यांना कौतुकाने सांगितलं.

तिच्या ओळखीचे बबनराव तिथे शेती करतात. त्यांच्याकडे आम्ही जेवलो. धरणातली चिलापी कुरकुरीत तळलेली, सोबत तांदळाची मऊ भाकरी. आमच्या ज्वारीच्या कडक भाकरीपुढे ही फारच नाजूक, पण माशाबरोबर तीच हवी. बबनरावांच्या हृदयात मागच्या वर्षी स्प्रिंग बसवली होती, सगळी कार्डावर. ते शर्टाची बटणं काढून छाती दाखवायला लागले. छातीवर काहीच नव्हतं, ती मनगटातून बसवतात. तरी ते छातीच दाखवत होते. मी नलिनीकडे विजयी मुद्रेने पाहिलं. बबनरावांच्या पत्नी उंबऱ्याला धरून, एक पाय उचलून उभ्या होत्या. पाय दुखतो का, असं मी विचारलं. वयच झालं आता, त्या म्हणाल्या आणि आणखी मासे आणायला लंगडत आत गेल्या. मासे फार चांगले होते.

वेल्हे

कागदोपत्री या तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण लोकांच्या तोंडी वेल्हंच आहे. भोरहून तिकडे जाताना रस्ता डोंगरांमधून वळत जातो. एकीकडे तोरणा, दुसरीकडे राजगड. किल्ले बघता बघता माझी मान आखडली. डांबरी रस्ता संपला तिथे नलिनीने गाडी लावली आणि पुढे आम्ही चालत निघालो. वाटेत ओढा होता. दगडांवर पाय देत जा, असं नलिनी सांगत होती. मी ज्या दगडावर पाय दिला तो शेवाळलेला निघाला आणि मी गुडघ्यापर्यंत चिखलपाण्यात उतरले. तांदूळवाल्या हौसाबाईंनी मला पहिल्यांदा पाहिलं ते चिखलात माखलेली. त्यांना हसू आवरेना. सुनेकडून त्यांनी मला कोरडं लुगडं देववलं, ते मला नेसता येईना, आणि मग दोघी मिळून हसल्या.

हौसाबाई सत्तरीच्या पुढच्या, अंगाने काटक, बोलायला मोकळ्या. मुलगा दत्तू दूध घेऊन बाहेर गेलेला. सून लता घरात. नात स्वरा शाळेत. घरात माणसं एवढीच.

जेवायला पावट्याची आमटी, भाकरी, वाफाळता भात आणि ठेचा होता. आम्ही दोघी बसलो. मग दत्तू आला, त्याला वाढलं. त्याच्याबरोबर आलेल्या शेजाऱ्यालाही वाढलं. तुम्ही बसा ना आमच्याबरोबर, असं मी दोनदा म्हटलं. आमचं मागनं, असं हौसाबाई म्हणाल्या. सगळ्यांचं झाल्यावर त्या दोघी बसल्या तेव्हा आमटीचं भांडं जवळजवळ रिकामं होतं. उरलेली आमटी त्यांनी लताच्या ताटात ओतली आणि स्वतः ठेच्याबरोबर भात खाल्ला. आमच्याकडेही बायका मागूनच जेवतात. त्यामुळे मी ते पाहिलं, पण त्यात काही वेगळं आहे असं मला वाटलं नाही.

जेवणं झाल्यावर दत्तू पुन्हा कामाला गेला आणि हौसाबाई आम्हाला तांदूळ दाखवायला माळ्यावर घेऊन गेल्या. माळ्यावर कणग्या होत्या, आणि एका कोपऱ्यात शेणाने सारवून तोंड बंद केलेली एक लहान कणगी. त्यात बियाणं होतं. त्याला घरात दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. त्यांच्या सासूच्या काळात एकदा घरात शिजवायला दाणा नव्हता, पोरं रडत होती, तरी सासूने बियाण्याचं तोंड उघडू दिलं नव्हतं. हे सांगताना त्यांच्या आवाजात सासूचा अभिमान होता.

उतरताना त्या शिडीच्या मधोमध थांबल्या. मला वाटलं, पदर अडकला. त्यांनी एका हाताने शिडी धरली, दुसऱ्याने छाती, आणि पौषातल्या त्या गार हवेत त्यांच्या कपाळावर घाम फुटला. चेहरा राखेसारखा झाला. नलिनी आणि लताने त्यांना धरून खाली आणलं. मी वरून शिडी घट्ट धरून ठेवली. त्या भिंतीला टेकून डोळे मिटून बसल्या आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, काही नाही, पित्त आहे.

पित्त नव्हतं. लता पाणी आणायच्या निमित्ताने मला आत घेऊन गेली आणि हळूच सांगितलं की हे गेल्या लावणीच्या तोंडापासून चाललंय. तालुक्याच्या दवाखान्यात छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली होती. डॉक्टरांनी ताबडतोब पुण्याला न्यायला सांगितलं होतं. आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, दत्तूला पित्त म्हणून सांगितलं आणि लताला स्वराची शपथ घातली. त्यानंतर त्यांनी लावणी केली, कापणी केली, झोडणी केली, आणि आत्ता आमच्यासाठी माळ्यावर चढल्या.

मी बाहेर येऊन त्यांच्यासमोर बसले आणि विचारलं की तुमचं कार्ड निघालं नाही का. निघालं होतं. अख्ख्या वाडीचं निघालं होतं. मग अडलं कुठे?

हौसाबाईंनी माझ्याकडे, शिकल्यासवरल्या बाईला एवढंही कळू नये, अशा नजरेने पाहिलं.

"त्ये काय माज्यासाठी काढलंय व्हय, ताई? शाळंत डाक्टर आलं व्हतं, त्यांनी स्वराच्या छातीला नळी लावली. म्हनले, पुढं ऑपरेशन लागंल. आता त्ये पाच लाख म्या म्हातारीनं खाऊन टाकलं, तर पोरीच्या येळंला काय करायचं? बियाणं शिजवून खात न्हाईत."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी जवळजवळ ओरडले. ती रक्कम दर वर्षी नवी असते, यंदा वापरली तर पुढच्या वर्षी पुन्हा तेवढीच मिळते, वापरली नाही म्हणून साठत नाही. मी हे तीन तऱ्हांनी सांगितलं. नलिनीने चौथ्या तऱ्हेने सांगितलं. हौसाबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. कार्ड काढायला शिबिरात आलेल्या पोराने सांगितलं होतं की घरच्या सगळ्यांत मिळून पाच लाख. दर साल, असं तो म्हणाला नव्हता. किंवा म्हणाला असेल, पण गर्दीत कुणाला ऐकू गेलं नसेल. आणि राबल्याशिवाय दर साल आपोआप येतं असं जगात काय आहे, असं त्यांनी मला विचारलं.

आमचा आवाज ऐकून शेजारच्या बायका अंगणात येऊन बसल्या. मला वाटलं, या तरी समजावतील. तर त्यांनी हौसाबाईंच्या बोलण्यावर माना डोलावल्या. एकीने घरचं कार्ड लेकीच्या बाळंतपणासाठी राखलं होतं. दुसरीचा मुलगा ट्रकवर होता, गाडीचा धंदा, काय सांगावं, म्हणून तिने त्याच्यासाठी राखलं होतं. तिसरीने नवऱ्यासाठी, त्याला तंबाखूचं व्यसन आहे, पुढेमागे काहीतरी निघणारच म्हणून. मी प्रत्येकीला विचारलं, तुझं स्वतःचं काही दुखतं का. सगळ्या हसल्या. एक म्हणाली, न दुखणारी बाई आमी अजून पाह्यली न्हाई.

वाडीत कार्ड वापरलं तरी कुणी, असं मी शेवटी विचारलं. दोन नावं आली. दोन्ही पुरुषांची होती.

मी त्या अंगणात बसले होते आणि मला भाटघरच्या त्या उंबऱ्यात उभ्या राहिलेल्या बाई आठवत होत्या. सरकारने रक्कम कुटुंबाला दिली होती. घरात जे सगळ्यांचं असतं ते बाईपर्यंत सगळ्यांचं झाल्यावर पोचतं. आमटीचं तेच आणि कार्डाचंही तेच. तिजोरी एक असावी हे मी अजूनही म्हणते. पण त्या तिजोरीच्या दारापर्यंत माणसाला एकेकटं जाता आलं पाहिजे, घरच्यांच्या मागे नंबर लावून नाही, हे मला कुठल्या पुस्तकात सापडलं नव्हतं. मला राग आला होता, आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं.

नलिनीने दत्तूला फोन लावला. तो धावत आला. आधी आईवर ओरडला, मग लतावर, मग ओट्यावर बसून रडायला लागला. हौसाबाई सुपात तांदूळ घेऊन निवडत बसल्या होत्या. पोरगा रडतोय याचा त्यांना त्रास होत होता, हे दिसत होतं, पण हात थांबले नाहीत. न्यायचंच असेल तर बांधून न्या, एवढंच त्या म्हणाल्या. दुपार कलली. आमची सगळ्यांची बोलणी संपली.

आणि मग मला तो कप्पा आठवला, ज्याच्यावर मी टाळ्या मिळवत आले होते. मी दत्तूकडून त्यांचं आधारकार्ड मागून घेतलं. जन्मसाल बघितलं.

"हौसाबाई, सत्तरीच्या पुढच्यांचं वेगळं असतं," मी म्हटलं.

सुपातले हात थांबले. "येगळं म्हंजी?"

"तुमच्या एकटीच्या नावाचं. घरच्या कार्डाला त्याने हात लागत नाही."

त्यांनी सूप खाली ठेवलं. "मग त्ये पोरीच्या नावावर करता येतं का?"

"नाही."

"लतीच्या?"

"नाही."

"दत्तूच्या?"

"कुणाच्याच नाही. तुम्ही वापरलं नाही तर ते वाया जातं."

त्यांनी सुपाबाहेर सांडलेले चार दाणे वेचून आत टाकले. वाया, हा शब्द त्यांना लागला असावा. ताटात शीतही न टाकणारी बाई ती.

"म्हंजी माज्याबिगर कुनाच्याच उपेगाचं न्हाई?" त्यांनी पुन्हा खात्री करून घेतली.

"नाही."

"मग चला," त्या म्हणाल्या आणि लुगड्यावरचा कोंडा झटकत उठल्या.

मला आनंद व्हायला हवा होता. नलिनीने माझा हात दाबला, दत्तू डोळे पुसत गाडी बघायला पळाला. मी मात्र हादरून तिथेच बसून राहिले. नातीच्या वाट्याचं नाही, सुनेच्या वाट्याचं नाही, कुणाच्याच कामाचं नाही, अशी खात्री पटल्याशिवाय ही बाई स्वतःचा जीव वाचवायला तयार नव्हती.

पुणे

वाडीतल्या आशा सेविकेने हौसाबाईंचं ते वेगळं कार्ड मोबाईलवर नोंदवून दिलं आणि स्वराला शेजारणीकडे ठेवून दत्तू आणि लताबरोबर आम्ही त्यांना पुण्याला योजनेतल्या एका मोठ्या रुग्णालयात आणलं. माझ्या सहलीतलं पुणे म्हणजे एवढंच, हिरव्या भिंतींचा एक लांबलचक व्हरांडा आणि कँटीनमधला गुळमट चहा. वाटेत हौसाबाई खिडकीतून शहर बघत होत्या. एवढ्या बिल्डिंगीत माणसं रातच्याला आपलं घर वळखत्यात कशी, असं त्यांनी नलिनीला विचारलं.

तपासणी करणाऱ्या तरुण डॉक्टरांनी आम्हाला बोलावून पडद्यावर दाखवलं. हृदयाची मुख्य रक्तवाहिनी जवळजवळ बंद होती. हे केव्हापासून आहे, त्यांनी विचारलं. लावणीच्या तोंडापासून, मी सांगितलं. मधले महिने त्या काय करत होत्या, असं त्यांनी विचारलं. लावणी, कापणी, झोडणी, मी म्हटलं. डॉक्टर पुन्हा पडद्याकडे वळले. पुढे स्प्रिंग बसवली आणि सगळं नीट पार पडलं. एक पैसाही लागला नाही. योजनेबद्दल मला कुणी विचारलं तर हे मी आधी सांगते, कारण ते खरं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी हौसाबाई पलंगावर बसून पेज खात होत्या आणि शेजारच्या पेशंटच्या सुनेला भाताच्या जाती सांगत होत्या. दत्तू औषधांच्या खिडकीशी गेला होता. नलिनी गाडीत झोपली होती. व्हरांड्यातल्या बाकावर मी आणि लता बसलो होतो. मी कालपासून पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला होता आणि सोलापूरच्या गाडीचा विचार करत होते.

लताचा चेहरा मला त्या उजेडात नीट दिसला. पिवळट आणि ओढलेला. मघाशी एकच मजला चढून आली होती तर बाकावर बसून धापा टाकत होती. मी विचारलं, काय गं, बरं नाही का? जागरण झालंय, ती म्हणाली. मी तिचा हात हातात घेतला. नखं कागदासारखी पांढरी होती. मग मी सोडलं नाही, पुन्हा विचारलं.

तिने इकडे तिकडे पाहिलं आणि आवाज खाली केला. दोन वर्षं झाली, तिच्या अंगावरून फार जात होतं, महिन्यातले बरेच दिवस. तालुक्याला दाखवलं होतं. पिशवीला गाठ आहे, ऑपरेशन करावं लागेल, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं. दत्तूला माहीत नव्हतं. आत्यांनाही माहीत नव्हतं.

"लता, अगं, कार्ड आहे ना. काल आख्खा दिवस मी काय सांगत होते? दर वर्षी नवं असतं ते."

"व्हय, सांगितलंत तुमी," ती म्हणाली. "खरं बी आसंल. पन नसलं तर?"

मी तिला काय सांगणार होते? माझ्याजवळ सगळी माहिती होती, सगळे नियम होते, आणि त्या एका प्रश्नापुढे त्यातलं काहीच उभं राहत नव्हतं. माझी नात असती तर मीही कदाचित तोच प्रश्न विचारला असता.

मग तीच मला धीर द्यायला लागली.

"त्ये स्वराचं हाय, ताई. ऱ्हाऊ द्या. आत्यांचं कसं येगळं निगालं. माजं बी निगंल की सत्तरी लागल्यावर."

ती चेष्टा करत नव्हती. मी तिला वय विचारलं. चौतीस, ती म्हणाली, आणि आत्यांना चहा चालतो का ते नर्सला विचारायला उठून गेली.